फळ कोणाचे?

गीतेने आपल्याला कर्म आणि फळ यांतला भेद शिकवला, आणि तो भेद दुर्ग जिल्ह्यातल्या नंदिनी नगरसारख्या, भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या खाणीच्या वस्तीत, अपघाताने खचलेल्या घरालाही वाट दाखवतो; कारण ट्रकच्या धडकेत घरचा कर्ता माणूस जायबंदी झाला की पहिली चिंता औषधाची असते आणि दुसरी वकिलाच्या फीची.

अशा वेळी कोणी म्हणतो, "आत्ता काही देऊ नका, भरपाई मिळाली की अमुक टक्के द्या." बोल दयेचे वाटतात, पण भरपाई हे नफ्याचे फळ नव्हे, मोडलेल्या हाडाची, बुडालेल्या मजुरीची आणि जन्मभर हाती आलेल्या काठीची ती जेमतेम भर असते, म्हणून त्या फळातला वाटा हा जखमेतलाच वाटा ठरतो.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांनी हेच जाणून वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवण्यास आणि मिळालेल्या रकमेत भागी मागण्यास मनाई केली आहे, आणि बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात, अपघातात पती गमावलेल्या स्त्रीकडून भरपाईच्या टक्केवारीने फी मागणे हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले.

मग वकिलाच्या श्रमाला मोल नाही काय? आहेच. एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, अपंगत्वाचा दाखला, पगारपत्रक हे एकेक कागद जुळवून दावा न्यायाधिकरणापुढे मांडायचा, डॉक्टरांची साक्ष घ्यायची, विमा कंपनीच्या उलटतपासणीला पुरून उरायचे, हे कर्मच आहे; त्याचा मोबदला, दावा जिंको वा हरो, सन्मानाने द्यावा. मोबदला कर्माचा, फळ मात्र जखमीचे.

आणि ज्याच्याजवळ मोबदलाही नाही, त्याच्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता तो मोफत वकील देतो, म्हणजे पिकलेले फळ अखंड त्यांच्याच पदरी पडते.

म्हणून विनंती इतकीच: टक्क्यांच्या कागदावर सही करू नका, फी आधी आकड्यात लिहून घ्या, दिलेल्या पैशांची पावती मागा, आणि ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.