नित्यलेखन : स्मरणाचे साधन की अहंतेचे?

दिवसभरात जे मोलाचे वाटले ते रात्री वहीत उतरवून ठेवण्याचा नेम पुष्कळ वासनिक धरतात, काही भिक्षूही धरतात. तो वर्षानुवर्षे टिकतो मात्र थोड्यांचा. बहुतेकांचा नेम महिन्या-दोन महिन्यांत खुंटतो आणि वही फडताळात पडते. याचे खापर केवळ आळसावर फोडून विचार संपत नाही. मुळाशी आचारधर्माचा प्रश्न आहे : लिहिणारा कोणाविषयी लिहितो आणि कशासाठी लिहितो?

येथे पूर्वपक्ष असा. परमार्गात स्मरण मुख्य होय. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे चिंतन अंतःकरणात घडावयाचे. त्यात कागदाचे काय काम? उलट जे वहीत गेले त्याची काळजी मन सोडून देते आणि 'इतकी पाने लिहिली' हा अभिमान तेवढा वाढीस लागतो. हा आक्षेप हलका नव्हे. अशा वह्या भरलेल्या दिसतात खऱ्या. पण त्यांत शेजाऱ्याचे दोष, आप्तांविषयीचे रुसवे आणि स्वतःची प्रशस्ती यांचीच दाटी असते. असे लेखन रोज केले तर विकल्पाला रोज खतपाणी मिळते. ते न केलेले बरे.

परंतु या आक्षेपाचे उत्तर पंथाच्या आद्य ग्रंथाच्या उत्पत्तीतच आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर रिद्धपुरी वाजेश्वरी येथे श्रीनागदेवाचार्य लीळांचे स्मरण करीत बसत. म्हाइंभटांनी त्या चिंतनाविषयी पृच्छा केली आणि शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्राचे लेखन आकारास आले. येथील क्रम ध्यानात घ्यावा. आधी स्मरण, मग लेखणी. स्मरण करणाऱ्याजवळ लेखणी आली; लेखणीवाल्याने स्मरणाचा आव आणला नाही.

म्हाइंभट मोठे विद्वान. सर्वज्ञांकडे ते प्रथम आले ते वादाच्या हेतूने. अशा पुरुषाने ग्रंथ लिहिताना पांडित्याची भर घातली नाही. ज्याने लीळा पाहिली त्याच्याकडे जावे, विचारावे, तपासावे आणि मग लिहावे, ही त्यांची रीत. स्वतःच्या विद्यागर्वाचा परिहार झाला तो प्रसंगही त्यांनी ग्रंथाबाहेर ठेवला नाही. पुढे परंपरेने पाठभेद 'वासना' या नावाने, सांगणाराच्या नावासह जपले. एकाचे कथन राखण्यासाठी दुसऱ्याचे पुसून टाकले नाही. ज्या लेखनात लिहिणारा मागे सरतो आणि सत्य पुढे येते ते लेखन स्मरणाला बाधक होत नाही. ते स्मरणाचेच अंग होय.

आणखी एक गोष्ट विचारार्ह आहे. लीळाचरित्रात सर्वज्ञांचे चालणे, बसणे, आरोगणा, एखाद्या वाटसरूशी झालेले चार शब्द अशा लहानसहान गोष्टी नोंदल्या आहेत. त्या नोंदी होत्या म्हणून केसोबासांना सर्वज्ञांची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध करता आला आणि दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत गुंफता आले. आज साधी वाटणारी नोंद उद्या कोणाच्या उपयोगी पडेल हे लिहिणारास ठाऊक नसते. म्हणून 'आज लिहिण्यासारखे काही घडले नाही' हे म्हणणे बहुधा न पाहणाऱ्याचे असते.

तथापि वहीवर विसंबून राहू नये हा पूर्वपक्षातील अंश ग्राह्यच आहे. परचक्राच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, अशी परंपरा आहे. तेव्हा ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो हिराइसा आदींच्या मुखोद्गत पाठांवरून. पोथी गेली, परंतु जे रोज आवर्तिले गेले होते ते गेले नाही. नित्यलेखनाची खरी कसोटी हीच. वही हरवली तर तिच्यातील काय उरेल, हे साधकाने स्वतःस विचारावे. काहीच उरणार नसेल तर लेखन झाले, स्मरण झाले नाही.

यावरून नेम टिकविण्याची रीतही निघते. लेखन स्मरणाच्या पाठोपाठ असावे. विजनातून उठल्यावर किंवा रात्रीच्या नामस्मरणानंतर, ठरल्या वेळी. विषय मोजका असावा : आज वाचलेल्या अथवा ऐकलेल्या लीळेतील एक गोष्ट, त्या आचाराला आपण जेथे उणे पडलो ते एक स्थळ, आणि कोणाकडून लाभलेला एक उपकार. चार ओळी पुरेत. पहिल्या आठवड्यात चार पाने लिहिणारा पाचव्या आठवड्यात थकतो; चार ओळी लिहिणारास थकण्याचे कारण नाही. दुसऱ्याचा दोष वहीत येऊ देऊ नये. वही अधूनमधून मागे जाऊन वाचावी, म्हणजे तोच दोष वारंवार आला असेल तर अनुताप उपजेल. अनुतापावाचून दोषाची नोंद म्हणजे नुसता हिशेब.

आणि खंड पडला तर? आजारपण येते, अटनात वेळ सापडत नाही, घरी कार्य निघते. पुष्कळांचा नेम मोडतो तो खंडामुळे नव्हे, तर खंडाच्या लाजेने. बुडालेल्या दिवसांची पाने मागाहून रचून भरणे हे असत्य. आता नेम मोडलाच म्हणून वही मिटणे हा निराशेचा विकल्प. दोन्ही टाळावीत. कोरे पान कोरेच राहू द्यावे आणि पुढल्या पानावर आजची तिथी घालावी. कोरे पानदेखील खरी नोंदच आहे.

तात्पर्य, लेखणी दासी आहे आणि स्मरण स्वामिनी. दासी रोज आपल्या वेळी हजर असावी आणि स्वामिनीच्या आसनावर तिने कधी बसू नये. असा नेम ज्याचा चालेल, त्याची वही कोणी वाचो न वाचो, त्याचा दिवस परमेश्वरास्तव वेचला जाईल.