पुन्हा धावू या



शाळेच्या मैदानावर धावून बक्षिसे मिळवलेले अनेक जण आपल्या धर्मग्रामात आहेत. पुढे नोकरी, घरसंसार, मुलांची शिक्षणे यांत धावणे सुटले. आता जिना चढताना धाप लागते, साखर व रक्तदाब वाढतो, आणि 'या वयात काय धावायचे?' असे म्हणून आपण विषय संपवतो.

अशा वेळी पेत्राकडे पाहावे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात, पुनरुत्थानाच्या पहाटे दोन शिष्य कबरीकडे धावतात. दुसरा शिष्य, परंपरेनुसार तरुण योहान, पुढे निघून जातो. पेत्र मागे पडतो. त्याच्या मनावर ओझेही होते. पवित्र गुरुवारच्या रात्री त्याने प्रभूला तीनदा नाकारले होते. तोंड लपवून घरी बसायला ते कारण पुरेसे होते. तरीही तो धावला. तो उशिरा पोहोचला, पण कबरीत प्रथम तोच शिरला.

पुन्हा धावू लागणाऱ्याला वयापेक्षा अहंकार अधिक नडतो. त्याला विशीतला वेग हवा असतो. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, परंतु सांधे व हाडे यांना अधिक वेळ लागतो. घाई केली की गुडघा दुखतो आणि धावणे पुन्हा सुटते. म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मग एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे. धावताना 'नमो मरिया' ही प्रार्थना मोठ्याने म्हणता आली, तर वेग योग्य आहे असे समजावे. हळूहळू आठवड्यातून तीन दिवस 25 मिनिटे धावता आले, तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली जोमदार व्यायामाची किमान 75 मिनिटे पूर्ण होतात. हृदय बळकट होते, साखर आटोक्यात राहायला मदत होते, झोप चांगली लागते, मन हलके होते.

हे केवळ शरीराचे लाड नव्हेत. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या शरीरावर प्रीती करावी काय, असा प्रश्न विचारून 'होय' असे उत्तर दिले आहे. शरीर देवाने घडवले आहे आणि त्याच्या सेवेसाठी दिले आहे. संत पौलही करिंथकरांस पहिल्या पत्रात शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो, आणि त्याच पत्राच्या 9व्या अध्यायात श्रद्धेच्या जीवनाला शर्यतीची उपमा देतो.

आत्म्याचेही असेच आहे. कुणाची रोझरी सुटली आहे, कुणी कित्येक वर्षांत प्रायश्चित्त संस्कार घेतलेला नाही, कुणाचा सख्ख्या भावाशी अबोला आहे. 'आता फार उशीर झाला' हे वाक्य तेथेही आपल्याला अडवते. तेथेही एका मिनिटापासूनच सुरुवात करावी. आज रोझरीचे एक दशक म्हणावे, किंवा भावाच्या दारात जाऊन फक्त ख्यालीखुशाली विचारावी.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा अजून दूर असतानाच म्हातारा बाप धावत निघतो. आपण एक पाऊल उचलू या. पिता आपल्याकडे धावत येतच आहे.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू