परक्षेत्रांतील आत्मविश्वास

स्वतःच्या धंद्यांत निष्णात असलेला मनुष्य दुसऱ्याच्या धंद्यांत शिरतांच चुकतो, हें नवल नव्हे. अनोळखी वाटेवर कोणीही अडखळेल. नवल हें कीं, अडखळत असतांही त्याचा ठामपणा तिळमात्र कमी होत नाहीं. याचें कारण सामान्यतः गर्व हें समजलें जातें. आमचें मत निराळें आहे.

भोसरीस लहानसा कारखाना चालविणारे आमचे एक स्नेही आहेत. चाकणच्या मोटारींना लागणारे सुटे भाग ते तयार करतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक त्यांस खपत नाहीं. गेजचें एक टोंक भोंकांत गेलें पाहिजे, दुसरें जातां कामा नये. दुसरेंही गेलें कीं नग लाल पेटींत पडतो. तीस वर्षें या पेटीशेजारीं उभे राहून त्यांच्या बोलण्यास जो ठामपणा आला आहे, तो आम्हांस पूर्ण मान्य आहे.

गेल्या पावसाळ्यांत त्यांच्या वृद्ध मातोश्रींस विषमज्वर झाला. डॉक्टरांनीं चौदा दिवसांचें औषध दिलें. सहाव्या दिवशीं ताप उतरला, आणि आमच्या स्नेह्यांनीं औषध बंद केलें. "बिघाड निघाला, आतां यंत्र उगीच खोलून कशाला ठेवायचें?" हा त्यांचा युक्तिवाद. खरें सांगावयाचें तर आम्हींही मान डोलाविली. मुद्दा इतका सुबक होता! दोन आठवड्यांनीं ताप उलटला व मातोश्रींस इस्पितळांत न्यावें लागलें. त्या वाचल्या, एवढेंच.

येथें गर्व कोठें होता? कारखान्यांतील चूक संध्याकाळपर्यंत परत येते व हातांत घेऊन पाहतां येते. ठामपणा घडतो तो त्या पेटीमुळें. मनुष्य घरीं येतांना ठामपणा तेवढा बरोबर आणतो. पेटी मागेंच राहते.

ज्या १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, त्याच सालीं लायनस पॉलिंग यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आदल्या वर्षीं त्यांनीं डीएनएची रचना तीन पदरांची असल्याचें प्रसिद्ध केलें होतें. तें चूक ठरलें, आणि केंब्रिजची दुपदरी रचना पाहतांच त्यांनीं तें मोकळेपणें मान्य केलें. हेंच पॉलिंग पुढें वैद्यकांत शिरले. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनें सर्दी टळते, असें त्यांनीं १९७० सालीं लिहिलें. नंतर कर्करोगावरही तोच उपाय सुचविला. मेयो क्लिनिकच्या १९७९ च्या चाचणींत लाभ दिसला नाहीं. तीवरील त्यांचा आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. परंतु १९८५ च्या दुसऱ्या चाचणीनेंही तेंच सांगितलें, तरी १९९४ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांचें मत ढळलें नाहीं. मनुष्य तोच, बुद्धि तीच!

आम्हां लेखणीवाल्यांची स्थिति तर याहून बिकट. आमच्या स्वतःच्या धंद्यांतही लाल पेटी नाहीं.

परवां त्या स्नेह्यांकडे गेलों होतों. मातोश्रींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांजवळ त्यांच्या सुबक अक्षरांत एक तक्ता टांगला होता: तारीख, वेळ, दिली किंवा नाहीं. शेवटच्या रकान्यास "डॉक्टरांची सही" असा मथळा होता.