दूर सोडले म्हणजे सुटले काय?

गेल्या चैत्रात सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या आवारात माझे कीर्तन झाले. यजमान टॉवेल विणणारे, घरात पिढ्यान्‌पिढ्यांची माळ. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगू लागली, तेव्हा शेजारच्या कारखान्यातला एक वयस्क जॉबर जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "महाराज, विष घालून जीव मारला तर पाप, हे आमाला कळतंय. पण जनावर पिंजऱ्यात धरलं, केसालाबी धक्का लावला न्हाई, आन् लांब माळावर नेऊन सोडलं, तर त्यात काय दोष?"

सज्जनहो, एरवी असा प्रश्न आला की एखादा दृष्टांत देऊन मी पाच मिनिटांत मोकळा होतो. त्या रात्री जीभ उचलेना. कारण ज्या पत्र्याखाली आम्ही बसलो होतो, त्याच पत्र्याखालचे एक जनावर तीन वर्षांपूर्वी माझ्याच सल्ल्याने माळावर गेले होते.

ते होते उदमांजर. कोकणात याला कांडेचोर म्हणतात. मांजराएवढे, लांब शेपटीचे, अंगावर काळसर ठिपके, आणि सारा व्यवहार रात्रीचा. फळे खाते, उंदीर खाते, किडे खाते. खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेतून चार ठिकाणी पडून रुजतात, म्हणजे झाडे लावणाराच म्हणा. दिवसा झाडाच्या ढोलीत झोपायचे, आणि ढोली नसेल तर घराचा माळा किंवा शेडची कैची त्याला ढोलीसारखीच. यजमानांकडे ते पत्रा आणि भिंत यांमधल्या फटीतून शिरले. खाली बांधून ठेवलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर घाण पडू लागली. परदेशी जायचा माल डागी ठरून परत आला. रात्रपाळीचे लोक वर खुडबुड झाली की माग सोडून बाहेर पळत. कुणी तरी विषाच्या गोळ्याही आणून ठेवल्या.

मी त्या आठवड्यात तेथे मुक्कामाला होतो. म्हटले, विष नको, पिंजरा आणा. आत पिकले केळे ठेवले, दुसऱ्या रात्री जनावर अडकले. पहाटे टेम्पोत घालून वळसंगच्या पुढे माळावर दार उघडले. ते वाऱ्यासारखे गेले. मी हात जोडले, आणि खोटे कशाला बोलू, मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

तिसऱ्या रात्री कैचीवरून बारीक आवाज येऊ लागला. ती मादी होती. वर तीन पिले होती. शिडी लावून पाहिले तो एक गेलेले. दोन वनखात्याच्या माणसांनी टोपलीत घालून नेली. त्यांनी मला चार शब्द सुनावले, ते रास्तच होते. 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण असलेले हे जनावर; परवानगीवाचून धरणे हाच गुन्हा; आधी 1926 या क्रमांकावर वनखात्याला कळवायला हवे होते. आणि झाडावर राहणारे जनावर उघड्या माळावर सोडून तुम्ही त्याचे काय भले केलेत? पिलांचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे धैर्य मला आजतागायत झाले नाही.

पाठशाळेत असताना आम्ही पंचसूना घोकल्या होत्या. चूल, जाते, केरसुणी, उखळमुसळ आणि पाण्याची घागर: गृहस्थाच्या घरातली ही पाच वधस्थाने. तेव्हा वाटे, काय ही अतिशयोक्ती! आता वाटते, केवढा हा प्रामाणिकपणा. घर चालवायचे म्हणजे जीव दुखावणार, हे शास्त्रकारांनी लपवले नाही. चूल विझवा असेही म्हटले नाही. रोज भूतयज्ञ करा, म्हणजे अन्नातला वाटा त्या जिवांसाठी बाहेर काढा, असे सांगितले. माझा पिंजरा हे सहावे वधस्थान होते. फरक इतकाच की ते चाकांवर घालून वेशीबाहेर नेता येते, म्हणून दिसत नाही. पतंजलींनी हिंसेचे भेद सांगताना स्वतः केलेली, करवलेली आणि अनुमोदलेली अशा तिन्ही एकाच ओळीत बसवल्या आहेत. पिलू भुकेने मेले, मी मारले नाही, ही पळवाट तेथे चालत नाही.

यजमानांचा मुलगा कॅनडात टोरांटोला असतो. तिकडे रॅकून नावाचा प्राणी, डोळ्यांवर काळा पट्टा आणि माणसासारखे चपळ पंजे, घराच्या माळ्यावर शिरून असाच संसार मांडतो. त्याने सांगितले की त्या प्रांताच्या कायद्याप्रमाणे पकडलेले जनावर एक किलोमीटरच्या आतच सोडावे लागते. मला आधी हसू आले. मग कळले. नव्या मुलखात पाणी कुठे, आसरा कुठे, हे त्याला ठाऊक नसते. जागा दुसऱ्यांनी धरलेल्या असतात. आणि त्याचा रोग असला तर तोही नव्या ठिकाणी पोहोचतो.

यावर कुणी म्हणेल, मग राहू द्या की बिचाऱ्याला! तुकोबांनी राखणीला बसून शेतातली पाखरे हाकलली नाहीत, ही महिपतीबुवांनी सांगितलेली कथा आपण सगळे रंगवून सांगतो. पण शेत दुसऱ्याचे होते, आणि मालक पंचांकडे गेला तेव्हा तुकोबांनी भरपाई कबूल केली, हा भाग सांगताना आपला आवाज जरा खाली येतो. दया माझी आणि नुकसान यजमानांचे, असली दया फार स्वस्त. माल सडला तर तीस घरांची मजुरी अडते.

पुढल्याच वर्षी त्याच फटीतून दुसरे उदमांजर आले. येणारच, फट तशीच होती! या वेळी घाई केली नाही. खाली राख पसरून पावले कुठून येतात, कुठून जातात ते पाहिले. वर पिले आहेत हे कळल्यावर दोन महिने थांबलो. गठ्ठे ताडपत्रीखाली हलवले. ताडपत्री आणि जाळी यांसाठी मी त्या वर्षीची बिदागी यजमानांकडेच ठेवली. कॅन्टीनचे खरकटे झाकणाच्या पिंपात जाऊ लागले. पत्र्याला टेकलेली कडुलिंबाची फांदी छाटली. पिले आईमागे बाहेर हिंडू लागल्यावर फटीला फक्त बाहेर उघडणारी झडप बसवली. मग आत कागदाचा बोळा कोंबून ठेवला. तीन रात्री तो हलला नाही, तेव्हा लोखंडी जाळी आणि सिमेंटने फट बुजवली. आवाराच्या कडेला जुनी चिंच आहे, तिच्या ढोलीत ते कुटुंब दिसते असे पहारेकरी सांगतो. गोदामातले उंदीरही कमी झाले म्हणे. ते खरे असो वा नसो.

हे सगळे मी त्या जॉबरला सांगितले. पिलांपाशी आलो तेव्हा त्याने मान खाली घातली. बराच वेळाने म्हणाला, "महाराज, परवा दिशी आमच्यातलं एक जनावर टेम्पोतनं सोडून आलोय. वर कुणी चढून बगितलंच न्हाई."

रात्रीचा दीड वाजला होता. यजमानांकडून शिडी आणि बॅटरी मागून घेतली आणि आम्ही दोघे त्याच्या शेडकडे निघालो.