चेंडू खड्ड्यात कोणी घातला?

माझी पुतणी एका मासिकासाठी खेळांवर लिहिते. एका नामवंत व्यावसायिक गोल्फपटूची मुलाखत तिला मिळते आहे. हे गृहस्थ आता स्पर्धा कमी खेळतात आणि देशोदेशी गोल्फची मैदानं आखून देतात. ‘काका, तुमचं सगळं आयुष्य त्या गवतात गेलं. आखणीबद्दल त्यांना काय विचारू?’ असं म्हणून तिने स्वतःची यादी माझ्यापुढे ठेवली. मैदानाची लांबी किती, बंकर म्हणजे वाळूचे खड्डे किती, गवत कुठलं, पाणी किती लागतं. पाण्याचं विचारायलाच हवं, त्यावर मी खूण केली. बाकीच्यांची उत्तरं त्यांच्या कचेरीतला कुणीही देईल. खाली मी एक प्रश्न लिहून दिला: ज्या उतारामुळे तुमचा उत्तम फटका वाया गेला, स्पर्धा हातची गेली, तसा उतार तुम्ही आखलेल्या मैदानात ठेवाल का?

तिला तो खेळातला प्रश्न वाटला. मला तो ईश्वराबद्दलचा वाटतो.

राहुरीहून कृषी पदवी घेऊन मी पुण्याजवळच्या एका गोल्फ मैदानावर लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. शेतातली हरळी उपटण्यात वडिलांची उमेद गेली. मी तीच हरळी वाढवून, कापून, पोसून घर चालवलं. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच, त्यामुळे त्या कामाबद्दल मला कधी कमीपणा वाटला नाही.

या कामातला एक भाग बाहेरच्या लोकांना माहीत नसतो. ग्रीनवरचं, म्हणजे होलच्या शेवटच्या गुळगुळीत पट्ट्यावरचं, गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं आणि चेंडू ज्यात घालायचा तो कप सारखा जागा बदलत असतो, नाहीतर त्याच्याभोवतीचं गवत पायांखाली मरतं. होल कटर घेऊन मी उजाडताना ग्रीनवर उभा राहायचो आणि आजचा कप कुठे, हे ठरवायचो. सपाटीवर घेतला की सगळे खूश. उताराच्या कडेला दोन हात सरकवला, की त्या दिवशी कित्येक चांगले फटके खाली घरंगळणार हे मला आधीच ठाऊक असे. दुपारी एखादा सभासद घामाघूम होऊन यायचा. ‘चेंडू सरळ गेला होता. माझं काय चुकलं? मग ही शिक्षा कसली?’ तो चिडलेला असे, पण त्याचा प्रश्न खरा असे. तो घेऊन मी घरी जायचो.

निवृत्तीनंतर आम्ही काही जण दर गुरुवारी संध्याकाळी ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य वाचायला बसू लागलो. संस्कृतच्या एक निवृत्त शिक्षिका शिकवतात. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात आलो तेव्हा मी वहीत लिहायचं थांबलो. ज्याला काहीच कमी नाही त्या ईश्वराने जग कशासाठी निर्माण केलं, अशी तिथे शंका आहे. उत्तर येतं: केवळ लीला म्हणून. आचार्य दाखला देतात तो सगळं काही मिळालेल्या राजाचा, जो क्रीडास्थानी काही मिळवायला नव्हे, नुसता खेळायला जातो. आणि लगेच पुढच्या सूत्रात आरोप उभा राहतो. एकाला सुख, दुसऱ्याला दुःख. म्हणजे हा ईश्वर पक्षपाती आहे आणि निर्दयही आहे. वैषम्य आणि नैर्घृण्य. आधी खेळ आणि त्याच्या पाठोपाठ अन्यायाची तक्रार, हा क्रम मला फार खरा वाटला. माझ्या ग्रीनवर मी तो रोज पाहिला होता.

गोल्फमध्ये या तक्रारीचं सर्वांत जुनं ठिकाण म्हणजे स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचं ओल्ड कोर्स. स्कॉटलंडच्या संसदेने 1457 साली गोल्फवर बंदी घातली होती, इतका हा खेळ तिकडे जुना. 1764 साली या मैदानावर अठरा होल झाले आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला. या मैदानाचा कुणी एक कर्ता नाही. समुद्र हटल्यावर उरलेली वाळू, तिच्यावर वाऱ्याने घातलेल्या वळ्या, त्यावर उगवलेलं बारीक चिवट गवत. वाऱ्याला आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी जिथे वाळू उकरली तिथे पुढे बंकर झाले, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ॲलन रॉबर्टसन आणि ओल्ड टॉम मॉरिस या तिथल्याच गोल्फपटूंनी एकोणिसाव्या शतकात त्यावर हात फिरवला, पण पायाभूत रचना कुणाच्या कागदावरून उतरलेली नाही. आज तिथे शंभराहून जास्त बंकर आहेत.

माझी मुलगी एडिंबरोला असते. तिच्याकडे गेलो असताना आम्ही एका रविवारी सेंट अँड्र्यूजला गेलो. रविवारी ओल्ड कोर्सवर सहसा खेळ नसतो. गावकरी पोरांना, कुत्र्यांना घेऊन फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवतावर, फिरत असतात. सतराव्या होलच्या ग्रीनला खेटून असलेल्या रोड बंकरच्या काठाशी मी बराच वेळ थांबलो. बंकर लहानच आहे. पण भोवतालची जमीन चहूबाजूंनी त्याच्याकडे अशी झुकलेली आहे, की पाण्याच्या निचऱ्याचं काम केलेल्या माणसाला ते बघताक्षणी कळावं. आसपासचं सगळं तिथेच येऊन पडणार. 1978 च्या ओपन स्पर्धेत जपानचा टॉमी नाकाजिमा तिसऱ्या फेरीत इथे दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला होता. त्याने पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, मारला, चेंडू उतारावरून वळला आणि या बंकरमध्ये पडला. तो होल संपेपर्यंत त्याचे नऊ फटके झाले. दोष कुणाचा? पट त्याचाच होता. उतार मात्र त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून तिथे होता, आणि उताराला नाकाजिमा ठाऊक नव्हता.

आता अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सची गोष्ट. पुतणीला ती मी सविस्तर सांगितली, कारण माझा प्रश्न तिच्यातूनच आला आहे. 1921 साली एकोणीस वर्षांचा जोन्स ओल्ड कोर्सवर ओपन खेळायला आला. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलना त्याला 46 फटके लागले. अकराव्या होलवर चेंडू बंकरमध्ये अडकला, आणि संतापून त्याने तो उचलला. म्हणजे स्पर्धेतून स्वतःच बाहेर पडला. त्या मैदानाचा त्याला तिटकारा आला होता. पुढे सहा वर्षांनी, 1927 साली, त्याच मैदानावर त्याने ओपन जिंकली. 1930 साली ब्रिटिश ॲमॅच्युअर स्पर्धाही तिथेच जिंकली. 1958 साली त्या गावाने त्याला नागरिकत्वाचा मान दिला.

मधल्या काळात एक घटना घडली. 1929 साली कॅलिफोर्नियात पेबल बीचवर अमेरिकन ॲमॅच्युअर स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात जोन्स हरला. हाती वेळ उरला म्हणून तो जवळची नवी मैदानं खेळला, सायप्रस पॉइंट आणि पासातिएम्पो. दोन्ही ॲलिस्टर मॅकेंझीने आखलेली. त्या ओळखीतून पुढे दोघांनी मिळून जॉर्जियात ऑगस्टा नॅशनल उभं केलं. काम चालू असताना जोन्स स्वतः तिथे चेंडू मारून दाखवायचा आणि मॅकेंझी त्यावरून जागा नक्की करायचा. ऑगस्टाचा चौथा होल त्यांनी कशावरून बेतला? सेंट अँड्र्यूजच्या अकराव्या होलवरून. ज्या होलने जोन्सला एकोणिसाव्या वर्षी मोडलं, तोच त्याने स्वतःच्या मैदानात आणून लावला. कुणाची सक्ती नव्हती. सगळी जमीन त्याच्या हातात होती.

मला या कृतीत एक मोठं तात्त्विक विधान दिसतं. सोसणारा माणूस जेव्हा कर्त्याच्या जागी बसतो, तेव्हा त्याला ते दुःख पुसून टाकता येतं. जोन्सने पुसलं नाही. मला वाटतं, तो उतार काढला असता तर 1927 च्या विजयाला अर्थ देणारी गोष्टच जगातून गेली असती, हे त्याला कळलं होतं.

मॅकेंझी हा पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात त्याने बोअर सैनिकांना जमिनीच्या चढउतारात दडताना पाहिलं आणि ती विद्या पुढे मैदानांसाठी वापरली: माणसाने खणलेला बंकर निसर्गाचाच वाटला पाहिजे. त्याच काळात मॅक्स बेहर नावाचा अमेरिकन आखणीकार या प्रश्नावर खोल लिहीत होता. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की निसर्गाने घातलेली अडचण खेळाडू मान्य करतो, पण समोरच्या खड्ड्यात दुसऱ्या माणसाचा हात दिसला की त्याला तो अपमान वाटतो. म्हणून आखणाऱ्याने आपला हात दिसू देऊ नये. माझ्या अनुभवाला हे तंतोतंत पटतं. वादळाने फांदी पडून चेंडू अडला तर माझ्याकडे कुणी येत नसे. कप दोन हात सरकवला की यायचे. आखणाऱ्याला हे विचारायलाच हवं: तुम्ही हात लपवता का, आणि लपवता तर ते प्रामाणिक आहे का? ईश्वरालाही मी हेच विचारीन.

भाष्यातल्या आरोपाला आचार्यांचं उत्तर पावसाचं आहे. पाऊस सर्वांना सारखा. भात वेगळं, जव वेगळे, कारण बीज वेगळं. तसा ईश्वर सर्वांना समान आणि सुखदुःखातला फरक ज्याच्या त्याच्या कर्माचा. हे वाचलं त्या गुरुवारी मी वर्गात बोललो, एरवी मी ऐकत असतो. मी म्हणालो, बाई, पाऊस आणि बीज यांच्यामध्ये जमीन असते. आमच्याकडे एकाच पावसात ग्रीन तासाभरात कोरडं होतं आणि शेजारचा फेअरवे दोन दिवस तुंबतो. हरळी दोन्हीकडे आहे. फरक खालच्या थरांचा आहे: ग्रीनखाली आम्ही वाळू आणि निचऱ्याच्या नळ्या घातल्या, फेअरवेखाली काळी चिकणमाती तशीच ठेवली. ती वाळू कुणी, कुणासाठी घातली, हे न विचारता गवताला त्याच्या बीजाचा दोष देणं मला मान्य नाही. गोल्फच्या चेंडूला पूर्वजन्म नसतो. त्याला मिळतो फटका आणि मिळते जमीन. जमिनीतलं काय समुद्राने घडवलं आणि काय माणसांनी मुद्दाम केलं, हे वेगळं काढता आलं पाहिजे. ते वेगळं न काढता ‘प्रारब्ध’ म्हटलं, की माणसांनी केलेलं सगळं ईश्वराच्या खात्यावर जमा होतं. आपल्या समाजाने ते शतकानुशतकं केलं.

ऑगस्टाकडे या दृष्टीने पाहिलं की मन दुखतं. आतला चौथा होल इतक्या उदार बुद्धीने ठेवलेला. आणि फाटकावर? 1982 पर्यंत मास्टर्स स्पर्धेत खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते सगळे कृष्णवर्णीय असत. त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ली एल्डर, 1975 साली. पहिला कृष्णवर्णीय सभासद 1990 साली. स्त्रियांना सभासदत्व 2012 साली. हा उतार समुद्राने घडवला नव्हता. सेंट अँड्र्यूजचं मैदान मात्र आजही सार्वजनिक आहे. खेळायची वेळ बऱ्याच जणांना चिठ्ठ्या टाकून मिळते. तिथे दैव फाटकापाशीही सगळ्यांना सारखंच. अर्थात त्याच गावातल्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते 2014 साली.

आपल्याकडचा गोल्फपटू चौरसिया मला यासाठीच जवळचा वाटतो. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानावर ग्रीनकीपर होते. मुलगा त्याच गवतावर खेळ शिकला आणि 2008 साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला. आमच्या मैदानावर सोमवारी डागडुजी असायची आणि कॅडींना त्या दिवशी खेळायला मिळायचं. उसन्या, वेगवेगळ्या मापांच्या काठ्यांनी ती पोरं खेळत. चेंडू खड्ड्यात गेला तर हळहळत, पण कपच्या जागेची तक्रार घेऊन त्यांतलं कुणी माझ्याकडे आल्याचं मला आठवत नाही. ते समाधान होतं की तक्रार करायची सोयच नव्हती, यावर मी अजून विचार करतो. दुसरं कारण जास्त खरं असावं.

मोठ्या खेळाडूने आखलेल्या मैदानात एक धोका असतो, तोही पुतणीला सांगितला. जॅक निक्लॉसने मैदानं आखायला सुरुवात केली तेव्हा अशी टीका झाली, की ती त्याच्याच फटक्याला सोयीची आहेत: उंच जाणारा, डावीकडून उजवीकडे किंचित वळणारा आणि ग्रीनवर अलगद थांबणारा चेंडू. अठरा मेजर स्पर्धा जिंकलेल्या माणसाच्या मनात चेंडू म्हटला की तोच येणार, यात नवल नाही. पण तो चेंडू शंभरांत एकाचाही नसतो. कर्त्याने स्वतःच्या बळाच्या मापाने जग बेतलं तर वैषम्याचा आरोप त्याला चुकवता येणार नाही.

तेव्हा पुतणीला मी शेवटी असं सुचवलं. पहिला प्रश्न विचार आणि त्यांना बोलू दे. ते स्वतःच्या हुकलेल्या स्पर्धेबद्दल सांगतील, ते मनापासून ऐक. मग त्यांनी आखलेल्या एखाद्या होलचा नकाशा पुढे ठेव आणि विचार, की सत्तरीतली एक बाई आहे, तिचा चेंडू शंभर-सव्वाशे यार्डांपलीकडे जात नाही. तिने इथून कसं जायचं, बोटाने दाखवा. इथे राबणारे माळी आणि कॅडी कुठल्या दिवशी खेळतात, हेही विचार. आणि ते बोट नकाशावर न अडखळता फिरलं, तर त्यांना माझा नमस्कार सांग.