"आत्ता येते हं!"

इस्पितळात लेकराला ठेवून निघताना आपण सहज म्हणतो, "आत्ता येते हं!" रडे थांबावे म्हणून बोललेले हे खोटे क्षम्य आहे काय?

इंग्लंडात एके काळी आईबापांना वॉर्डात ठराविक वेळीच प्रवेश असे. मूल गप्प झाले, की ते रुळले असे मानीत. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढून दाखविले, की शांत दिसणारे मूलही आतून व्याकूळ असते. १९५९ च्या प्लॅट अहवालाने भेटीवरील बंधने काढावीत, लहानग्यांजवळ आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली.

तरीही घरच्या इतर मुलांसाठी आईला निघावे लागतेच. (ती मुले कोणी सांभाळली, तर तेही बिकूर होलीमच!) अशा वेळी "तुझे जेवण झाल्यावर येईन" असे खरे सांगावे, आणि यावे. मूल रडेल, पण फसणार नाही.

घरी आल्यावर ते पदर सोडीत नाही, रात्री दचकते. त्याला हट्ट म्हणू नये. ते आपला शब्द पारखीत असते. मूल बरे झाले, की आपण एलियाहू हन्नाबीचा मलिदा करून नवस फेडतो. देवाला दिलेला शब्द आपण पाळतो. मग लेकराला दिलेला हलका कसा?