बांहेधरी : रक्षकाच्या इमानाचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या घडियाळी पोळीत रात्रीच्या पहाऱ्यासाठी एक गृहस्थ येत असत. ते नेपाळकडचे होते. बोलणे जवळजवळ नाहीच. कोणी दिवाळीचा फराळ दिला तरी चेहऱ्यावर आनंद नाही, कोणी रागावून बोलले तरी खेद नाही. रात्री दोन वाजता काठी आपटल्याचा आवाज आला की आम्ही कूस बदलून निश्चिंत झोपत असू, आणि सकाळी ओट्यावर बसून, ‘या माणसाच्या मनात काय चालते कोणास ठाऊक’ अशी चर्चाही करीत असू. पुढे पोळीतील एका बंद घरातून तांब्यापितळेची भांडी चोरीस गेली. पुरावा काही नव्हता, तरी सर्वांची पहिली नजर त्यांच्याकडेच वळली. पोलिसांनी त्यांना दोनदा बोलावून नेले. तिसऱ्या रात्री ते आले नाहीत. भांडी महिन्याभराने भलत्याच ठिकाणी, भलत्याच माणसाकडे सापडली.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण तिचा उत्तरार्ध आहे. तो लेखाच्या शेवटी सांगेन. आधी तिच्यातून निघणारा प्रश्न मांडतो. जो आपले रक्षण करतो त्याच्या मनात काय आहे, हे आपल्याला कसे कळावे? राजाराण्यांच्या कथांत सिंहासनामागे एक अबोल, थंड नजरेचा अंगरक्षक हटकून उभा असतो. तो राजाचा की राजाच्या वैऱ्याचा, हे कोडे शेवटच्या पानापर्यंत सुटत नाही आणि वाचक त्याचा चेहरा न्याहाळत राहतो. माझे म्हणणे असे की हे न्याहाळणेच मुळात चुकीच्या दिशेने चालते. त्याला साक्षीदार म्हणून मी आपल्याच बडोद्याचा इतिहास उभा करतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गायकवाडांच्या पदरी अरबांची शिबंदी होती. शहराचे दरवाजे, तटावरचे पहारे, राजवाड्याचा बंदोबस्त हे सारे क्रमाक्रमाने अरब जमादारांच्या हाती गेले. समुद्रापलीकडून आलेली ही माणसे होती. त्यांची भाषा निराळी, धर्म निराळा आणि दरबारातील भाऊबंदकीशी त्यांचा रक्ताचा संबंध नाही. राजाला असा रक्षक सोयीचा वाटतो तो याच कारणाने, आणि याच कारणाने त्याची भीतीही वाटते. येथे एक भाषिक योगायोग नजरेआड करण्यासारखा नाही. विश्वासाच्या व्यवहाराचे जे शब्द मराठीने आपलेसे केले आहेत, इमान, अमानत, जामीन, ते मुळात अरबी आहेत. या शिबंदीच्या कितीतरी आधी ते फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. ज्यांच्या इमानाची आपल्याला शंका, त्यांच्याच भाषेतून आपण ‘इमान’ हा शब्द घेतला आहे.

या अरबांच्या संदर्भात बडोद्याच्या इतिहासात एक शब्द वारंवार येतो. तो म्हणजे ‘बांहेधरी’. गुजरातीत तो आजही हमी या अर्थाने रोज वापरला जातो. बांह म्हणजे बाहू. एखाद्याचा हात आपण धरला, आता त्याच्या केसाला धक्का लागला तर तो आपल्याला लागला, असा त्याचा आशय. दरबाराने एखाद्या सरदाराला अभय द्यावे आणि ते अभय पाळले जाईल याची बांहेधरी अरब जमादाराने घ्यावी. सावकाराने राज्याला कर्ज द्यावे आणि ते फिटेल याला जामीन पुन्हा अरब जमादारच. म्हणजे राजाच्या शब्दाला राजाचा नोकर जामीन! वरवर पाहता हे विपरीत आहे. पण त्या काळच्या सावकारांना आणि सरदारांना त्यात विपरीत काही वाटले नाही. जमादाराचे अंतरंग त्यांनाही दिसत नव्हते, आणि ते पाहण्याची त्यांना गरजही वाटली नाही. दिलेला शब्द तो पाळतो की नाही, एवढेच त्यांनी पाहिले. इमान ही हृदयात दडलेली वस्तू न मानता दोन माणसांमधील उघडा व्यवहार मानण्याचे शहाणपण या एका शब्दात साठलेले आहे.

या व्यवहाराची दुसरी बाजू १८०० नंतर दिसू लागली. त्या वर्षी गोविंदराव गायकवाड वारले आणि आनंदराव गादीवर आले. ते दुर्बल मनाचे होते. सावत्र भाऊ कान्होजी याने त्यांना ताब्यात ठेवून कारभार बळकावला. त्याला दूर करण्यात अरबांचाच हात होता. पुढे दिवाण रावजी आपाजी यांनी अरबांच्या जाचातून सुटण्यासाठी इंग्रजांच्या कंपनीचे साहाय्य मागितले. शिबंदी कमी करावयाची ठरले, परंतु तिचा पगार वर्षानुवर्षे तुंबलेला होता. थकबाकी मिळाल्याखेरीज हलणार नाही, असे अरबांनी सांगितले आणि ज्या राजाचे रक्षण करावयाचे त्यालाच त्यांनी कोंडून ठेवले. १८०२ च्या डिसेंबरात मेजर वॉकर यांच्या फौजेने बडोद्याला वेढा दिला, तोफा डागल्या आणि अरबांना शहर सोडावे लागले. थकबाकी चुकती करण्याचे ठरले आणि त्यांनी घेतलेल्या बांहेधऱ्या कंपनीकडे आल्या. ठरल्याप्रमाणे मुलूख न सोडता काही अरब कान्होजीला जाऊन मिळाले, हेही नमूद केले पाहिजे. अरबांना देवमाणसे ठरवण्याचा माझा हेतू नाही. रक्षकाचा तुरुंगाधिकारी कोणत्या वाटेने झाला एवढेच मला पाहावयाचे आहे, आणि ती वाट न दिलेल्या पगाराच्या हिशेबातून गेलेली दिसते.

हे कौटिल्याने फार पूर्वी ओळखले होते. राजाच्या आत्मरक्षणाविषयीच्या प्रकरणात तो सांगतो की निकटचे रक्षक वाडवडिलांपासून सेवेत असलेले, शिक्षित, अनुरक्त आणि कामात कसलेले असावेत. पुढे कोणाला जवळ ठेवू नये हे सांगताना, ज्याला धन आणि मान दिलेला नाही असा परदेशी आणि ज्याचा एकदा अपकार करून पुन्हा जवळ केले आहे असा स्वदेशी, या दोघांना तो एकाच पंक्तीला बसवतो. येथे परकेपणापेक्षा न दिलेले धन, न दिलेला मान आणि केलेला अपकार यांवर बोट ठेवलेले आहे. मंत्र्यांच्या निष्ठेची गुप्त परीक्षा घेण्याचे उपाय ज्याने तपशीलवार सांगितले, त्या संशयी आचार्यालाही रक्षकाच्या निष्ठेचे मूळ बऱ्याच अंशी राजाच्या वागण्यात दिसले, हे लक्षणीय आहे.

पुण्याच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे बारा वर्षांच्या अंतराने उभी आहेत. दोन्ही ठिकाणी गारदीच आहेत. पानिपतावर इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांच्या बाजूने लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. आपल्या पलटणींचा पगार दरमहा वेळेवर मिळालाच पाहिजे, हा त्याचा हट्ट होता आणि तो अनेकांना खुपत असे. १४ जानेवारी १७६१ च्या त्या सकाळी त्याने भाऊसाहेबांना याच हट्टाची आठवण दिली आणि तो पैसा वाया गेला नाही हे आज दिसेल असे सांगितले, असा काशीराज पंडिताचा वृत्तांत आहे. भाडोत्री म्हणून ज्याला हिणवावे तो मरेपर्यंत जागचा हलला नाही. उलट ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात सुमेरसिंग आणि त्याचे साथीदार पगाराचा गलबला करीत शिरले आणि ज्याचे रक्षण करावयाचे त्या नारायणरावाचाच त्यांनी जीव घेतला. त्याच क्षणी चाफाजी टिळेकर हा साधा सेवक धन्याच्या अंगावर पडला आणि त्याच्याबरोबर मेला. आदल्या दिवशी कोणी या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिले असते, तर कोणता कोण हे ओळखता आले असते काय?

आता एक आक्षेप. सर्वच विश्वासघात थकबाकीतून होत नाहीत. सुमेरसिंगाच्या बाबतीतही पगाराचे निमित्त पुढे होते आणि मागे रघुनाथरावांच्या पक्षाचे कारस्थान होते. इसवी सन १९३ मध्ये रोमच्या प्रिटोरियन रक्षकांनी सम्राट पर्टिनॅक्सला ठार मारून साम्राज्याचा लिलाव केला, तो लोभाचा प्रकार होता. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींवर त्यांच्याच दोन अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. तेथे न पगार तुंबला होता, न लोभ होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये सुवर्णमंदिरात जे घडले त्याने पेटलेला सूड तेथे होता. तेव्हा आपली बाजू चोख ठेवली की रक्षक चोख राहीलच, असे सिद्ध होत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. रक्षक हा तटबंदीचा दगड नव्हे. त्याला मन आहे, स्वतःची श्रद्धास्थाने आहेत आणि मन असलेल्या प्राण्याची पूर्ण खात्री कोणालाच देता येत नाही. परंतु यातून निघणारा निष्कर्ष आपण समजतो त्याच्या उलट आहे. खात्री अशक्य असेल, तर ती मिळवण्यासाठी केलेली हेरगिरी आणि नुसत्या परकेपणावरून घेतलेला संशय हेही व्यर्थ ठरतात. आपल्या हाती उरते ते आपले स्वतःचे वर्तन. ते चोख असेल तर निदान विश्वासघाताचा दोष आपल्या वाट्याला येत नाही, आणि नैतिक विचारात याला काहीच किंमत नाही असे कोण म्हणेल?

या विषयाचा आणखी एक धागा बडोद्यातच पुढे गेलेला आहे. अरब गेले, पण रक्षक उरलाच. आता तो कंपनीची तैनाती फौज आणि रेसिडेंट या रूपाने उभा राहिला. बांहेधऱ्या त्याच्याकडे आल्या आणि त्याने नव्याही घेतल्या. गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला बोलणी करण्यास गेले ते कंपनीच्याच हमीवर. २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात त्यांचा खून झाला. ज्याचा हात धरला तो वाचला नाही. परंतु मोडलेल्या त्या हमीचा जाब विचारता विचारता कंपनीने पेशव्यांकडून त्रिंबकजी डेंगळे यांना मागून घेतले आणि १८१७ च्या तहापर्यंत पेशव्यांचे हातपाय बांधून टाकले. हात धरणारा हात पिरगाळूही शकतो. १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला आणि तो मुख्यतः रेसिडेन्सीच्याच हवालदार-जमादारांच्या जबान्यांवर उभा राहिला. म्हणजे राज्याच्या रक्षकालाही आपल्या दारावरच्या रक्षकाचे मन वाचता आले नव्हते! चौकशी मंडळातील तीन इंग्रज सभासदांनी मल्हाररावांना दोषी धरले, तीन हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही, आणि तरीही १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हारराव गादीवरून दूर झाले. अरबांचा हिशेब पैशांत मांडता येत होता आणि पैशांनी चुकताही करता आला. या नव्या रक्षकाचे देणे कधी फिटणारच नव्हते, कारण राखण करता करता तो मालक झाला होता. म्हणून बांहेधरीला मर्यादाही हवी. रक्षकाला आपण काय देणे लागतो आणि काय सोपवत नाही, या दोन्ही गोष्टी आधी उघडपणे ठरलेल्या असाव्यात.

आपण बहुतेकजण राजे नाही. पण आपल्या दाराशी, बँकेच्या पायरीवर, सोसायटीच्या फाटकाशी कोणीतरी रात्रभर उभा असतो, आणि त्याने आपल्यासाठी जागावे, प्रसंगी जीव धोक्यात घालावा, असे आपण काही हजार रुपयांत गृहीत धरतो. वर त्याने हसतमुखही असावे, म्हणजे आपल्याला त्याच्या निष्ठेची खूण पटेल. चेहरा बंद ठेवण्याचा हक्क आपण त्याला देत नाही. खरे पाहता, दुसऱ्याच्या दाराशी परक्या भाषेत जगणाऱ्या माणसाजवळ स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक जागा उरलेली असते.

आता त्या हकीकतीचा उत्तरार्ध. पहाऱ्याची वर्गणी घरोघर गोळा करण्याचे काम त्या वर्षी माझ्याकडे होते. भांडी सापडल्यावर मी वही काढून बसलो. काही घरांनी पैसे दिले नव्हते, काहींकडे मी गेलोच नव्हतो, आणि जमलेली रक्कम पुरी झाल्यावर एकदम देऊ म्हणून माझ्या कपाटात तशीच पडून होती. अडीच महिन्यांचा पगार आम्ही त्यांना देणे लागत होतो. त्या अडीच महिन्यांत एकही रात्र काठीचा आवाज चुकला नव्हता. त्यांनी पैसे मागितलेही नव्हते, किंवा मागितले असतील तर माझ्या ध्यानात राहिले नव्हते. ते कोठे गेले याचा शोध घ्यायचे ठरवले, तेव्हा कळले की त्यांचे पूर्ण नाव पोळीत एकालाही ठाऊक नाही. आम्ही सगळे त्यांना नुसते ‘बहादूर’ म्हणत होतो.

त्यांच्या मनात काय चालते, याचा विचार आम्ही ओट्यावर बसून पुष्कळ केला होता. वही मात्र मी त्या दिवसापर्यंत उघडली नव्हती. ते पैसे अजून वेगळ्या पाकिटात आहेत.